पाण्याला कळायच्या आत

श्रीधर लवाटे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. तोफगोळा फुटत असताना त्याचे फोटो काढायचे, हे त्यांचं काम. सेकंदाचे हजारो तुकडे पाडणारा कॅमेरा त्यांच्या ताब्यात असे. अखंड पोलाद आधी फुगतं, मग त्यावर बारीक रेघा उमटतात, हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ते डबा उघडायचंच विसरले होते. पण बाहेर चकार शब्द काढायची सोय नव्हती. शनिवार पेठेतल्या घरी बायको विचारायची, "आज काय केलंत?" हे म्हणायचे, "काम." पुढे मंदाकिनीबाईंनी विचारणंच सोडलं. निवृत्तीनंतर श्रीधररावांना तेच डाचू लागलं. आपण जे पाहिलं, ते हिला एकदा तरी दाखवायचं होतं.

मुलगी सलोनी हिंजवडीला आयटीत लागली आणि पहिल्याच दिवाळीला तिनं बाबांना डिजिटल कॅमेरा आणला. झालं, न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लागलं. अंधारात कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, वस्तू फोडायची, आणि फुटल्याच्या आवाजानंच फ्लॅश उडायचा, अशी जोडणी त्यांनी केली. वेळ दुपारची, म्हणजे पुण्यात शेजारी भांडायलासुद्धा उठत नाहीत ती.

"पेन्शन कपबश्या फोडायला देतात का हो?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. फोटोत त्यांना फक्त आपला गेलेला कप दिसे.

मग श्रीधररावांनी नारळ आणला. नारळ आपटायचा आणि कॅमेराही सांभाळायचा, हे एकट्याला जमेना.

"मंदा, तू पाट्यावर आपट."

"आमच्यात बायका नारळ फोडत नाहीत. उभ्या जन्मात फोडला नाही मी."

"तिथं मी रोज काय बघायचो, ते सांगता आलं नाही कधी तुला," श्रीधरराव म्हणाले. "आता दाखवायचंय."

मंदाकिनीबाई उठल्या. पदर खोचला, देवाकडे बघून हात जोडले आणि न्हाणीघरात शिरल्या. दार लागलं. अंधारात त्यांनी दोन्ही हातांनी नारळ उचलून असा आपटला, की फ्लॅशबरोबर श्रीधररावही दचकले.

दिवा लावून दोघं कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर वाकले. करवंटीची दोन शकलं बाजूला होत होती. मधे पाणी तसंच उभं होतं, गोल, स्वच्छ, एक थेंबही न सांडलेलं. करवंटी गेली हे त्याला अजून कळलंच नव्हतं.

ओल्या पायांनीच मंदाकिनीबाई पडद्यावर आणखी वाकल्या.

"असलं रोज बघत होता तुम्ही?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी आहे म्हणायचात?"

श्रीधररावांना हसू आलं आणि डोळेही भरले. मंदाकिनीबाईंनी हात पुसून कॅमेरा आपल्या हातात घेतला.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी काय बघितलंत?"