टाकीचं झाकण

शाळेमागच्या चढावर भावोजींची जुनी मोटार पुन्हा दम टाकून उभी राहिली, आणि या खेपेला मिस्त्री खाली उतरलाच नाही. हँडब्रेक ओढून तो बसून राहिला. जन्मभर लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासून त्याच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. आज हातांनीही टेकले.

ही मोटार वर्षातून दोन-तीनदा बाहेर पडे. दारात मांजरासारखी गुरगुरे, सपाट रस्त्यावर गुमान चाले, आणि चढ लागला की गचके देत ताकद सोडे. मिस्त्रीने आधी प्लग बदलले, मग कार्बोरेटर धुतला, मग पेट्रोलचा पंप खोलला. तरी दर वेळी ती इथेच थांबे. तो बॉनेट उघडून काहीतरी आवळी, काहीतरी फुंकी, आणि ती चालू होई. तुझा हात फिरला की चालते, असं भावोजी पहिल्यांदा कौतुकाने म्हणाले होते, नंतर हसून. आज निघतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, की चढावर थांबली तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो.

पुढच्या सीटवर मिस्त्रीची ताई बसायची. ती गेल्यापासून भावोजी मागेच बसत, आणि त्या सीटचा खड्डा अजून भरला नव्हता.

“उतर की,” मागून भावोजी म्हणाले. “फिरव तुझा हात.”

“जरा बसू द्या.”

दोघं बसले. शाळेची घंटा झाली, मुलं कलकलाट करत उतरून गेली, रस्ता पुन्हा ओस पडला. उगाच काहीतरी करायचं म्हणून मिस्त्रीने किल्ली फिरवली. मोटार चालू झाली.

बॉनेट बंद होतं. हात कुणीच लावला नव्हता.

म्हणजे इतके दिवस गाडी सुधारत होती ती त्याच्या हाताने नाही, नुसत्या थांबण्याने. हे त्याला आधी लागलं, मग कळलं. थांबल्यावर आत काहीतरी हळूहळू शिरत होतं. इंजीन बंद करून तो कण्हत उतरला, मागे गेला आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो तशी टाकीने सूं करून हवा ओढली.

झाकणातलं हवेचं बारीक भोक मेणाने बुजवलेलं होतं. पेट्रोल बाहेर पडायचं, पण त्याच्या जागी हवा तितक्या वेगाने आत जाईना. मग चढावर, जिथे पेट्रोल जास्त लागतं, तिथे टाकी ते सोडेना.

“मेण मी लावलंय,” भावोजी काचेतून म्हणाले. गाडी ताईच्या खोलीखाली उभी असायची, औषधांनी तिला मळमळायचं, आणि वर पेट्रोलचा वास.

“रोग म्हशीला नि औषध पखालीला,” मिस्त्री पुटपुटला. हे मेणाला म्हणालो की स्वतःच्या कार्बोरेटरला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने खिशातली तार काढली, पण भोकाला लावली नाही. झाकण आणि तार भावोजींपुढे धरली.

“तुम्हीच काढा.”

भावोजींनी बराच वेळ झाकण हातात फिरवलं.

“आता वास आला तरी त्रास कुणाला होणार,” ते म्हणाले, आणि मेण उकरू लागले.

मोटार चढ एका दमात चढली. माथ्यावर पोचल्यावर भावोजी म्हणाले, की भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो, पण चालवायला तूच यायचं.

मिस्त्रीचे गुडघे ठणकत होते.

“बघू,” तो म्हणाला. त्यांच्या घरात बघू म्हणजे हो.