डिस्कवरचं कुंकू

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात दत्तप्रसाद सेफ्टी ऑफिसर होता. शिडी अशी लावू नको, हातमोजे काढू नको, मशीन चालू असताना आत वाकू नको, हे त्याचं दिवसभराचं बोलणं. कामगार बहुतेक हिंदी बोलणारे. त्यांनी पाठीमागे त्याचं नाव ठेवलं होतं 'मत करो साब'. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चौदा वर्षांत त्याच्या शेडमध्ये कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

अशा माणसाने सत्तेचाळिसाव्या वर्षी स्पोर्ट्स बाइक घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात आधी हसणं झालं आणि मग भांडण.

"बावन्न हजार दिराम," तो म्हणाला.

"म्हणजे बारा लाख!" मृणालिनीने भेंडी चिरता चिरता हिशेब केला. "बारा लाख देऊन हाडं मोडून घ्यायची? माझ्याकडे ये, फुकट मोडून देते."

मृणालिनी फिजिओथेरपिस्ट. तिच्या क्लिनिकमध्ये आठवड्याला दोन-तीन तरी डिलिव्हरीवाले कुबड्या घेऊन यायचे. मोटरसायकल म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे रस्ता येत नसे, एक्स-रे यायचा.

दत्तप्रसादला आपलं कारण नीट सांगता आलं नाही. गेल्या वीस वर्षांत त्याने घेतलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची होती. पुण्यातला फ्लॅट आईवडिलांसाठी, सात सीटची गाडी घरासाठी, वॉशिंग मशीनसुद्धा आठ किलोचं, पाहुणे आले तर असावं म्हणून. एक वस्तू अशी हवी होती, जिचा कुणालाच काही उपयोग नाही. हे बायकोला कसं सांगणार? त्याने नुसतं सांगितलं, "मला हवीय."

इथे मोटरसायकलचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. पुण्यात कॉलेजभर बाइक चालवलेला हा माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत उभा राहून क्लास करत राहिला, टेस्टमध्ये एकदा नापास झाला, पुन्हा बसला आणि पास झाला. चार महिने मृणालिनी हे सगळं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "घे. पण एक अट. रस्त्यावर जे होईल ते घरी येऊन सांगायचं. घसरलास, घाबरलास, कुणी शिवी दिली, काहीही. ज्या दिवशी लपवशील, त्या दिवशी गाडी विकायची."

"कबूल."

शुक्रवारी संध्याकाळी सिलिकॉन ओएसिसमधल्या त्यांच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये निळी गाडी येऊन उभी राहिली. सोळा वर्षांची ईशानी खाली आली, बाबाचं नवं जॅकेट आणि हेल्मेट तिने खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "बाबा, वन चिकन बिर्याणी प्लीज. एक्स्ट्रा रायता."

एवढ्यात मृणालिनी पूजेचं ताट घेऊन आली. दत्तप्रसादला हे अपेक्षित नव्हतं. इतके दिवस तिने गाडीचा फोटोसुद्धा धड बघितला नव्हता.

"नारळ इथेच फोडू?"

"नको गं, टाइल्सवर पाणी सांडेल, कुणीतरी घसरेल."

"बरं. कापूर तरी?"

"कापूर नको. वर स्मोक डिटेक्टर आहे, सगळी बिल्डिंग खाली येईल."

मृणालिनीने कापराची डबी मिटली. चेहरा पडला होता. कोरडं कुंकू धातूवर बसत नाही म्हणून तिने ते तेलात कालवलं होतं. टाकीवर स्वस्तिक काढलं. मग खाली बसून पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जी चकचकीत गोल चकती असते, तिच्यावर बोटं बुडवून ठळक पट्टे ओढले. तिला ती जागा शोभेची वाटली. ती ब्रेकची डिस्क होती.

दत्तप्रसादने पाहिलं. शब्द ओठांपर्यंत आला. पण बायको गुडघे टेकून बसली होती, पहिल्यांदाच गाडीला हात लावत होती, आणि दोनदा 'नको' म्हणून झालं होतं. वर गेल्यावर पुसू, असं त्याने ठरवलं. वर गेल्यावर श्रीखंड होतं, फोन होते, फोटो पाठवणं होतं. राहून गेलं.

शनिवारी पहाटे तो एकटाच निघाला. मित्र विन्स्टन उम्म अल कुवैनला राहायचा. मूळचा वसईचा, आता उम्म अल कुवैनच्याच एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर, आणि आठ वर्षं बाइक चालवणारा. त्याच्याकडे नाश्त्याला जायचं होतं.

रॅम्पवर ब्रेक जरा मऊ लागला. नवे ब्रेक बसायला वेळ लागतो, हे त्याने वाचलं होतं. मग मोकळा रस्ता आला आणि तो सगळं विसरला. मूठ जराशी पिळली की गाडी पोटाखालून पुढे झेपावत होती. हवा अजून गार होती. हेल्मेटच्या आत आपण मोठ्याने हसतोय, हे त्याला थोड्या वेळाने कळलं. असं एकट्याने हसल्याला किती वर्षं झाली असतील?

पुढच्या राउंडअबाउटला कामगारांची बस थांबली होती. त्याने ब्रेक दाबला. गाडी पुरेशी थांबेना. आणखी जोर लावला तरी तेच. मागचा ब्रेक दाबला तर वाळूवर मागचं चाक सरकलं. बसची मागची काच भराभर मोठी होत गेली. त्याने हँडल उजवीकडे दिलं, गाडी रस्ता सोडून वाळूत शिरली, रुतली आणि थांबली. बसमधल्या एका माणसाने झोपाळू डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बस निघून गेली.

त्याने कशीबशी गाडी स्टँडला लावली आणि डिस्कवर रुमाल फिरवला. रुमाल लाल आणि तेलकट झाला.

फोनवर विन्स्टन आधी हसला, मग गंभीर झाला. "लागलं तर नाही ना, बाबा? मग ऐक. पिकअप बोलाव, गॅरेजला टाक, ब्रेकचे पॅड बदल, खलास. वहिनीला यातलं एक अक्षर सांगू नको. ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. पुण्याचं काम आहे हे, हबीबी."

दत्तप्रसाद टॅक्सीने घरी आला, हेल्मेट मांडीवर घेऊन.

"एवढ्यात? गाडी कुठाय?" मृणालिनीने विचारलं.

"गॅरेजला दिली. थोडं ॲडजस्टमेंट होतं."

"नव्या गाडीला होतंच तसं," ती म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं घालायला लागली. तिने इतक्या सहज विश्वास ठेवला होता. तिच्या नखाच्या कडेला अजून लाल रंग होता.

"मृणाल, ॲडजस्टमेंट नाही. ब्रेक लागला नाही. बसवर आदळणार होतो."

तिने बशी खाली ठेवली. "का?"

"डिस्कवर तेल होतं."

तिने आपल्या नखांकडे पाहिलं. "मी लावलेलं."

"तू लावलंस. पण मी बघत होतो. मला माहीत होतं."

"माहीत होतं?" आता तिचा आवाज चढला. "मग बोलला का नाहीस?"

"दोनदा नको म्हटलं होतं. तुझा चेहरा पडला. तिसऱ्यांदा नाही म्हणवलं."

"फॅक्टरीत कुणी असं गप्प बसलं असतं तर?"

"घरी पाठवलं असतं."

"आणि घरातल्याला मी कुठे पाठवू? माझं मन राखत होतास? माझं मन धडधाकट आहे रे, दत्ता. मोडला असता तो तुझा गुडघा." ती उठली, दोनदा ओट्यापर्यंत जाऊन आली. "आणि दहा मिनिटं लपवलंसही."

"हो. विकायची म्हणालीस तर विकू." त्याने हे मनापासून म्हटलं होतं.

ती कारची किल्ली उचलून म्हणाली, "चल, गॅरेज दाखव."

गॅरेजमध्ये तिने मेकॅनिकला सोडलं नाही. "भैया, ये क्या है? इसपे तेल लगा तो गाडी कितना आगे जाके रुकेगी?" मेकॅनिकने चिंब झालेले पॅड तिच्या हातावर ठेवले आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "मॅडम, समझो उधर." भिंत बरीच लांब होती. मृणालिनी तिच्याकडे बघत राहिली. नवे पॅड बसले, डिस्क धुतल्या गेल्या. मग तिने चाकांपासून आरशांपर्यंत कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे एकेक विचारून घेतलं.

"तू चालव," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "मी मागून येते."

सर्व्हिस रोडवरून तो साठच्या वेगाने निघाला. आरशात तिची पांढरी कार होती, नेमकं त्या भिंतीएवढं अंतर ठेवून. मागचे लोक हॉर्न देत होते, ती हटत नव्हती. सिग्नलला ती शेजारच्या लेनमध्ये येऊन थांबली आणि तिने काच खाली केली.

"मघाशी इंडिकेटर उशिरा दिलास."

त्याने हेल्मेटची काच वर केली. "हो, चुकलंच."

सिग्नल सुटला. तिने त्याला पुढे जाऊ दिलं.