गुरुवारची इस्त्री

मी फटकळ आहे, हे तुम्हाला बिबवेवाडीत कुणीही सांगेल. गिऱ्हाईक उशिरा आलं की ‘घड्याळ विकलंत का?’ असं विचारायची माझी पद्धत. त्यामुळे लोकांना वाटतं, उल्काताई म्हणजे जे असेल ते तोंडावर सांगणारी बाई. डोंबल सांगणारी! एकदाच खरं सांगायची वेळ आली, तेव्हा माझी दातखीळ बसली. यमुनाबाईंविषयी सांगायचं तर आधी हे सांगायला हवं.

आमच्या ह्यांनी दोन हजार एक साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसून माझ्या आमटीतल्या चुका काढायला लागले. मी आपली तळमजल्यावरची खोली घेतली आणि शिवणकाम सुरू केलं. तेव्हा दर दुसऱ्या घरातली मुलगी कॉम्प्युटरवाल्या नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघालेली. तिकडे शिंपी मिळत नाही म्हणून एकेकीचे पंधरा-पंधरा ब्लाऊज. मशीनवर तीन बायका बसायच्या आणि फॉल, हुका, इस्त्री यमुनाबाईंकडे.

यमुनाबाई धाराशिवकडच्या. नवरा गेल्यावर मुलाला, उत्तरेश्वरला घेऊन पुण्यात आलेल्या. इस्त्री करावी ती त्यांनीच. ओलं बोट लावून अंदाज घ्यायच्या, रेशमावर धोतराचा जुना तुकडा पसरायच्या, आणि काम झालं की बटण बंद, पिन बाहेर, इस्त्री उभी. एवढं करून दाराशी गेल्या तरी एकदा वळून बघायच्या. ‘यमुनाबाई, आता तिला थोपटून अंगाई म्हणा,’ असं मी चिडवलं की पदर तोंडाला लावून हसायच्या. दिवाळीनंतर त्यांना मशीनवर बसवायचं मी कबूल केलं होतं. दुपारी बाकीच्या जेवत असताना त्या दोरा न ओवता रद्दी कागदावर सरळ टीप मारायचा सराव करायच्या. ते कागद त्या घरी नेऊन मुलाला दाखवायच्या म्हणे.

तर तो गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे लाईट जायचा वार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यमुनाबाईंनी सकाळी नऊलाच येऊन ब्लाऊजना इस्त्री केली आणि उत्तरेश्वरच्या लायसन्सच्या कामाला गेल्या. राजनंदिनी नावाच्या मुलीचा लग्नातला शालू तेवढा राहिला होता. फॉल लावून झालेला, दोनला तिची आई न्यायला येणार होती. मशीनवाल्या तिघी जेवायला गेलेल्या. मी सहसा इस्त्रीला हात लावत नाही, पण म्हटलं, उरकून टाकू. अर्धा शालू झाला आणि लाईट गेली.

आता इस्त्री गरम असताना ती फुकट घालवेन, तर मी पुण्याची कसली! उरलेल्या धगीवर पदर दाबून काढला, फिरवत राहिले ती पार कोमट होईपर्यंत, आणि तिथंच पदरावर आडवी टाकून उठले. बटण चालू की बंद, हा विचारसुद्धा डोक्यात आला नाही. लाईटच नाही तर कसलं बटण! एक वाजता खोलीला कुलूप लावलं आणि वर जेवायला गेले.

लाईट तीनला यायची, ती दीडलाच आली. मी आडवी झाले होते. पंखा सुरू झाला, बरं वाटलं, कूस बदलली. हे आठवलं की आजही मला माझीच किळस येते.

पावणेदोनला यमुनाबाईंनी ह्यांच्याकडून किल्ली नेली. खालून ओरडा ऐकू आला तेव्हा मी धावले. खोलीभर धूर. यमुनाबाईंनी पिन उपटली होती, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातानं त्या पेटता पदर चोळून विझवत होत्या. नुसत्या हातानं! माझ्या मागोमाग रस्त्यावरून राजनंदिनीची आई आत आली. मशीनवाल्या तिघीही जेवून परतल्या. पदराला मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक.

मला त्याच क्षणी कळलं होतं. उगाच खोटं कशाला बोलू? पदर बघितला आणि सगळं लख्ख आठवलं. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, ‘यमुनाबाई, एवढी वर्षं झाली, इस्त्री बंद करायचीसुद्धा आठवण तुम्हाला करून द्यावी लागते का?’

‘ताई, मी बंद केल्ती,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी पिन काढून...’

‘मग काय भुतानं लावली?’

राजनंदिनीची आई म्हणाली, ‘असली माणसं ठेवता तुम्ही?’ आणि मी, फटकळ, स्पष्टवक्ती उल्का, म्हणाले, ‘आजपासून नाही ठेवत.’

शालू मी दुसरा आणून दिला. त्याचं काही नाही. यमुनाबाईंचा तळहात सोलवटला होता आणि मी त्यावर साधं खोबरेल लावलं नाही. त्या खाली बसून जळका तुकडा हातात घेऊन इस्त्रीकडे बघत होत्या. मग चपला घालून गेल्या. संध्याकाळी हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘किल्ली तर त्यांनी पावणेदोनला नेली.’ मी म्हटलं, ‘सकाळचीच राहिली असेल चालू.’ ‘असेल बाई,’ म्हणाले आणि पान उलटलं. उद्या बोलावून घेऊ, परवा बोलावून घेऊ, असं करत चार वर्षं गेली. इतकी कोडगी मी कधी झाले, माझं मलाच कळलं नाही.

मागच्या महिन्यात स्वारगेटला एका कंपनीच्या गाडीतून ड्रायव्हर उतरला आणि चक्क वाकून नमस्कार केला. उत्तरेश्वर! आयटीवाल्यांना आणायची-सोडायची ड्युटी करतो. म्हणाला, ‘आईनं शिवणकाम सोडलं काकू. या की एकदा घरी, तिला लई बरं वाटंल.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी कात्रजला त्यांचं घर गाठलं.

मला बघून यमुनाबाईंनी चटई अंथरली, सुनेला बाजूला सारून स्वतः चहा टाकला. गॅस बंद केला. कप घेऊन माझ्यासमोर बसल्या, परत उठल्या, बटण चाचपून आल्या. दोन घोट झाले नाहीत तोच पुन्हा उठल्या आणि टाकीजवळ वाकल्या.

सून हसून म्हणाली, ‘दिवसातनं वीसदा चालतंय हे. रस्त्यावरनं माघारी येतात कुलूप बघायला. म्हणून तर कुठं कामाला जात नाहीत.’

‘भरवसाच नाही राहिला बगा सोताचा,’ यमुनाबाई ओशाळून म्हणाल्या. ‘पिन काढलेली डोळ्यापुढं दिसती मला, अजूनबी दिसती. पन तुमी म्हनलाव म्हंजी ऱ्हायलीच असंल. तुमी खोटं कशाला बोलताल?’

मी कप खाली ठेवला. म्हटलं, ‘यमुनाबाई, तुम्ही पिन काढली होती. इस्त्री मी लावली. लाईट गेली तेव्हा मी विसरले. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ढकललं.’

एकदाचं सुटलं तोंडातून. त्या रडतील, शिव्या देतील, घराबाहेर काढतील, सगळ्याची मी तयारी करून आले होते. त्या पुढे सरकल्या, माझा हात हातात घेतला. त्यांचा तळहात खरखरीत लागला.

‘माज्या जिवाला बरं वाटावं म्हनून म्हनायलाव ताई. कळतंय मला. तुमी तर इस्त्रीला हातबी लावत नव्हता.’

‘अहो, देवाशपथ सांगते...’

‘ऱ्हाऊ द्या. शपथ नका घेऊ माज्यापायी.’ त्यांनी डोळे पुसले आणि सुनेकडे वळल्या. ‘बगितलंस? दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायला एवढ्या लांबनं आल्या. पाया पड त्यांच्या.’

ती पोर उठली, डोक्यावर पदर घेतला आणि वाकली. पाय मागे घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत.