नर्सबाईचा सिनेमा आणि वरची खोली

आमच्या बुद्धविहारात त्या रविवारी सिनेमा होता. दुपारचा. उजेड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या, त्यातल्या दोन माझ्या घरच्या. पण वर्ध्याचं ऊन चादरीला काय जुमानतं? पडद्यावरचे चेहरे फिकटच दिसत होते, तरी कोणी कुरकुर केली नाही.

सिनेमा आणला होता आमच्याच वस्तीतल्या एका तरुण मास्तरानं. अमेरिकेतली खरी गोष्ट, हिंदीत केलेली. एक काळी मुलगी नर्सिंग शिकते आणि गोऱ्यांच्या दवाखान्यात पहिली काळी नर्स म्हणून लागते. रोगी तिच्या हातचं औषध घेत नाहीत, गावात तिला कोणी राहायला जागा देत नाही. मी स्वतः सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून रिटायर झालेली, त्यामुळे मास्तर आठ दिवस आधीच सांगून गेला होता, "सिस्टर, तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजे." मान मिळाला की मी जाते. तेवढी हौस आहे मला, लपवत नाही.

आमच्याकडे सिनेमा गुपचूप पाहायची पद्धत नाही. माझ्या शेजारच्या आजीबाई तर पडद्यावरच्या माणसांशी बोलतच होत्या. गोऱ्या घरमालकिणीनं दार लोटलं तशा म्हणाल्या, "अवं, पोट्टी उन्हातून आली, पानी तं दे तिले." मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "तिकडं जात नसते म्हणत होते नं? मंग हे काय होय?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "जात नसन, रंग हाय नं. माणसाले काहीतरी लागतेच." सगळे हसले. पण पडद्यावर एक आजारी म्हातारा नर्सच्या हातातला पेला झिडकारतो, तिथं हसणं पार थांबलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. शेवटी त्या खऱ्या नर्सचा फोटो दाखवला, पांढऱ्या केसांची, खुर्चीत बसलेली. तेव्हा म्हातारबुवा उभेच राहिले आणि त्यांनी हात जोडले. ते पाहून मलाही भडभडून आलं. त्या अख्ख्या हॉलमध्ये प्रत्येकाला वाटत होतं, ही बाई म्हणजे मीच. मला तर सगळ्यांत जास्त.

आता त्याच्या पंधरा दिवस आधीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझ्या घरी वर एक खोली आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून रिकामीच. ती विचारायला एक मुलगी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. गिरडच्या पलीकडून रोज दोन बस बदलून यायची, वॉर्डात पोचायला उशीर व्हायचा, आणि हजेरी अजून कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं तिला कॉलेजात सांगितलं होतं. हॉस्टेल भरलेलं. "मावशी, परीक्षेपर्यंत तरी राहू द्या मले," म्हणाली. मुलगी मला आवडली. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले. आमच्या मेट्रनबाईंना अशाच मुली लागायच्या. मी आडनाव विचारलं. हो, विचारलं. आडनाव मराठ्यांत असतं तसं निघालं. मनात म्हटलं, बाप्पा, ही आपल्याकडे राहील का? तरी किल्ली आणायला आत गेले. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि ती अंगणात बोलायला लागली. ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं. दवाखान्यात मी ती बोली ऐकलेली आहे. पारध्यांची.

किल्ली हातातच राहिली. बाहेर येऊन म्हटलं, "अगं, विसरलेच होते. माझा भाचा येणार आहे राहायला." तिनं माझ्याकडे पाहिलं, "बरं मॅडम," म्हणाली आणि गेली. मावशीची मॅडम झाले, ते मला लगेच कळलं. मग दिवसभर स्वतःलाच समजावत बसले. आपण काही जात मानत नाही, पण मी एकटी बाई, घरात चार दागिने, आणि त्यांच्याबद्दल लोक काय काय सांगतात. लोक! आमच्याबद्दल लोकांनी काय कमी सांगितलं होतं? पण हे तेव्हा सुचलं नाही. आपल्या डोळ्यातलं मुसळ कोणाला दिसतं? चार दिवसांनी तर मी ते विसरूनही गेले.

तर सिनेमा संपला. मास्तर म्हणाला, कोणाला काही बोलायचं असेल तर बोला. सगळे एका सुरात म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बोला." मी काय, तयारच होते. माइक घेतला आणि माझ्या पहिल्या पोस्टिंगची गोष्ट सांगितली. नवं गाव, सायकलरिक्षात माझी ट्रंक. घरमालकीणबाईनं खोली दाखवली, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. मग आडनाव विचारलं. ऐकलं आणि एकदम तिला आठवलं की खोली दिराच्या मुलाला द्यायची ठरली आहे. मी ट्रंक पुन्हा रिक्षात चढवली. पुढचे दीड महिने दवाखान्यातल्या ड्युटी रूममध्ये काढले, बाकड्यावर. सांगताना माझा आवाज कापत होता, आणि ते नाटक नव्हतं. इतक्या वर्षांनंतरही ती बाई आठवली की माझं डोकं तापतं. शेवटी म्हटलं, "माणूस पाहा, आडनाव काय पाहता?" टाळ्यांनी हॉल दणाणला. आजीबाईंनी माझा हात धरून ठेवला.

खाली बसायला वळले आणि ती दिसली. मास्तरानं नर्सिंगच्या मुलींनाही बोलावलं होतं, त्यांच्यात मागच्या खांबाजवळ ती बसलेली. टाळ्या वाजवत होती. कुत्सितपणे वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं, मी मनात चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ती मनापासून वाजवत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज.

मुली निघाल्या तशी मी मागोमाग गेले. पायऱ्यांवर तिला गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकून लय वाईट वाटलं. दीड महिना बाकड्यावर कशा झोपल्या असान तुम्ही." तिच्या मैत्रिणी पुढे चपला शोधत होत्या. मी म्हटलं, "पोरी, माझा भाचा येणार नव्हता. खोटं बोलले मी. फोनवरची तुझी बोली ऐकली आणि दार लावून घेतलं. खोली रिकामीच आहे. आजच ये."

ती रागावेल असं मला वाटलं, मग वाटलं, रडेल. दोन्ही झालं नाही.

"खोली तं मले पायजेच हाय," ती म्हणाली. "वीसच दिवस राह्यले परीक्षेले. उद्या सामान आणतो." मग पर्स खांद्यावर नीट करत, काही टोचायचा विचार नसल्यासारखं म्हणाली, "पण हे मले काऊन सांगता, मॅडम? मले तं माहीतच होतं."

मैत्रिणींनी हाक मारली, ती गेली. मी पायरीवरच उभी. आत अजून लोक होते. आजीबाई कोणाला तरी माझ्या ट्रंकेबद्दल पुन्हा सांगत होत्या, चादरी उतरवणं चाललं होतं. घर जवळच, गुपचूप निघून जाता आलं असतं, आणि खरं सांगते, चपला घातल्याही होत्या. पण चपला परत काढल्या. आत गेले, मास्तराच्या हातातला माइक मागून घेतला.

म्हटलं, "दोन मिनिटं बसा सगळे. मघाशी मी गोष्ट अर्धीच सांगितली."