दह्याचं मडकं आणि मोटारीचे नवे शॉकअप

आमच्या घरी मोटार आली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पुढच्या सहा महिन्यांत ते तिच्यात चार वेळासुद्धा बसले नाहीत. माझा मात्र तिच्यावर जीव. तिसऱ्या हातची होती, भोंगा सर्दी झाल्यासारखा वाजायचा. पण परभणीच्या बाजारातून ती निघाली की माझी मान आपोआप ताठ व्हायची.

खोट एकच. ती नाचायची. परभणी ते जिंतूर पंधरा कोसांची सडक म्हणजे काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि त्यांत कुणीतरी भक्तिभावाने वाहिलेले दगड. खड्डा आला की मोटार खाली जायची, वर यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. खड्डा मागे पडून शेताचे चार बांध ओलांडले तरी हिचं सुरूच. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा तिच्या माहेरी, जिंतूरला नेलं, तेव्हा तिचं डोकं टपाच्या लोखंडी कमानीला तीनदा लागलं. ती दारात उतरली ती कुंकवाच्या वर टेंगूळ घेऊनच. सासूबाईंनी आधी टेंगळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते टेंगूळ मोटारीचं आहे, माझं नाही, हे पटवायला मला दोन दिवस लागले.

पुढे तिला सातवा महिना लागला. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी जायचं. तिने ताटात भाकरी वाढता वाढता जाहीर केलं, "मी दमणीतून जाईन. मुक्काम करावा लागला तरी चालेल." दमणी म्हणजे आमची पडद्याची हलकी बैलगाडी.

आबांनी घास खाली ठेवला. "घरची सून जिच्यात बसत न्हाई, ती मोटार दारात ठेवून काय करायचं? मोंढ्यातला एक धान्याचा अडत्या मागायलाय. देऊन टाकू."

मी गयावया केली. आबा ढिम्म. शेवटी बायकोलाच दया आली.

"बरं, मी दह्याचं मडकं देते," ती म्हणाली. "वाटेतल्या झरी गावापर्यंत न्या आन् परत आणा. दही मोडलं न्हाई तर मी बसते. मोडलं तर आबा म्हणतील तसं."

झालं! माझी मोटार दह्यावर तोलली गेली.

मी तडक स्टेशनाजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मोटारीच्या मडगार्डवर दोन्ही हात टेकून एकदा दाबलं आणि तिचा नाच पाहत बिडी पेटवली. "पाट्यां का कसूर नई मियाँ. शॉकअप मर गये."

शॉकअप म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची, म्हणजे पाट्यांची, उडी आवरणारी वस्तू. त्याने दोन प्रकारचे पुढे ठेवले. एक तेलाचा, चकचकीत, डब्यासारखा. दुसरा कात्रीसारखा: दोन लोखंडी हात, सांध्यात चामड्याच्या चकत्या, आणि त्या आवळायला मधोमध एक बोल्ट. मला अर्थातच चकचकीत हवा होता.

"नक्को," मिस्त्री म्हणाला. "वो नरम है, हौ. मगर दगड लग के फूट्या तो उसका तेल लाने हैदराबाद जाना पडता. ये चमडेवाला ढीला हुआ तो पाना उठाव, कस लेव. तुम्हारी सडक को येच होना."

मी कात्रीवाले घेतले. आयुष्यात मी घेतलेल्या थोड्या शहाण्या निर्णयांपैकी तो एक. पण शहाणपण मिस्त्रीचं, हेही कबूल करतो. चारही बसवून झाल्यावर त्याने मला परीक्षा शिकवली: मडगार्ड दाबायचा, गाडी एकदा खाली, एकदा वर, बस. तिसऱ्यांदा हलली तर ढिले, हललीच नाही तर जास्त आवळले. मी दाबला. एकदा खाली, एकदा वर. गाडी अशी उभी राहिली की जणू मास्तर वर्गात आले.

घरी येताना ती कुरकुरत आली. चामडं चामड्यावर घासायचं, त्याचा आवाज. मला तो सनईसारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने रात्री विरजलेलं मडकं मागच्या बाकावर चुंबळीत बसवलं. शेजारी पंच म्हणून आबा. आम्ही निघालो. पहिल्याच चाकोरीला मोटार खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. दुधना नदीच्या उतारावर आबांचा पटका उडून माझ्या मांडीवर पडला. परत आल्यावर बायकोने झाकण काढलं. आत ताक होतं. वर लोण्याचा गोळासुद्धा तरंगत होता.

"मोटार ठेवा हो आबा," ती म्हणाली. "रवी देऊन टाकू."

आबा हसले नाहीत. "उद्या अडत्याला बोलावतो," एवढंच म्हणाले.

मी धावत जाऊन मिस्त्रीलाच घरी आणलं. त्याने बोल्ट सैल केला, तर चकत्यांतून थेंब थेंब काहीतरी गळायला लागलं. त्याने बोट लावून हुंगलं. "ये तो एरंडी का तेल है! चमडे पे चमडा घिसता, तभीच गाडी थमती. इसको तेल पिलाया कौन?"

अंगणात आमचे गाडीवान मामा उभे होते. तीस वर्षं त्यांनी आमची दमणी हाकली. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकवल्याशिवाय ते गावाची वेस ओलांडत नसत. ते अभिमानाने पुढे आले.

"म्या घातलं, मालक. नवी वस्तू, आन् पयल्याच दिशी कुरकुरायली! लोक काय म्हनतील? ह्यांच्या गाडीला वंगण मिळंना?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. मी मामांवर ओरडणारच होतो. पण ज्यांच्या गाडीचा आख तीस वर्षांत एकदाही वाजला नाही, त्यांना वंगण मी काय शिकवणार? दाराआडून बायकोचं हसू ऐकू आलं. आबांची मिशीसुद्धा हलली.

"एकदा अजून," ते म्हणाले. "ह्याच्या शब्दावर माझा इश्वास न्हाई. मामा बरोबर जातील आन् मला येऊन सांगतील."

मिस्त्रीने चकत्या घासलेटमध्ये धुतल्या, उन्हात वाळवल्या, बोल्ट आवळले. मी मडगार्ड दाबला. एकदा खाली, एकदा वर. आबांनी मामांचं नळकांडं काढून घेऊन आपल्या उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नव्याने विरजलेलं मडकं घेऊन आली. "आता पुन्हा परीक्षा कशाला?" ती म्हणाली. "मी मडकं घेऊन बसते. झरीपर्यंत मोडलं तर तिथूनच परत." आणि ती बसली! मडकं मांडीजवळ, एक हात पोटावर, एक झाकणावर.

मोटार कुरकुरत निघाली. प्रत्येक कुरकुरीला माझ्या शेजारी बसलेल्या मामांचा चेहरा पिळवटायचा. शेवटी त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवले. दर खड्ड्यानंतर मागून बायकोचा आवाज यायचा, "हाय, दही हाय." दुधनेचा उतार गेला. चढ गेला, झरीही गेली. टपाच्या कमानीला तिचं डोकं एकदाही लागलं नाही.

जिंतूरला दारात सासूबाईंनी आधी लेकीचं कपाळ पाहिलं, मग मला आत घेतलं. बायकोने ओसरीवर मडकं ठेवून झाकण उचललं. मी वाकून पाहिलं. दह्याला मधोमध बोटभर लांब तडा गेला होता.

तिने तड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मामा पायरीवर पाय धूत होते. तिने पळी नेमकी तड्यावर खुपसली, भला मोठा गोळा काढला आणि मामांच्या ओंजळीत घातला.

"मामा, आबांना सांगा, दही हाय तसं आलं."

मामांनी दही खाल्लं, मिशा पुसल्या. "लय ग्वाड हाय, वैनी. सांगतो." मग मोटारीकडे वळून हळूच म्हणाले, "पर येवढं चांगलं आणलं बिचारीनं, तर त्या सांध्यात निस्ता येक थेंब..."

"मामा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.