तोंडावरचा पदर

लग्न होऊन मी पेणजवळच्या गावात आले, तेव्हा कुणाच्याही हळदीत सासूबाईंशिवाय गाणी सुरू होत नसत. नवरा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला, सासरे शेतावर. दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि त्या बोलायच्याही भरपूर.

एका वर्षी भातकापणीनंतर त्या गप्प झाल्या. बोलल्याच तर मान वळवून, तोंडावर पदर धरून. शेजारच्या लग्नालाही गेल्या नाहीत. माझंच काही चुकलं असेल, असं मला वाटायचं. नवरा म्हणाला, वय झालं की माणूस असं होतं.

एका दुपारी आम्ही भिजवलेले वाल सोलत होतो. त्यांनी हात थांबवला.

"खरं सांग गो, माझ्या तोंडाला वास येतो?"

मी म्हटलं, "येतो, आई."

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सगळं सांगितलं. मागच्या हळदीत त्यांची जुनी मैत्रीण नाकाला पदर लावून त्यांच्याजवळून उठली होती. तेव्हापासून त्या लवंग चघळत होत्या, दात स्वच्छ होतील म्हणून मिश्री दिवसातून कितीदा तरी लावत होत्या. जळकी तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी औषध.

पेणच्या डॉक्टरकडे यायला त्या तयार होईनात. तिथे कुणीतरी ओळखीचं भेटणारच. म्हणून माझ्या माहेरी, रोह्याला गेलो. दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने खुर्ची जवळ ओढली, शांतपणे पदर बाजूला करायला सांगितलं आणि बराच वेळ तोंडात पाहिलं. वास पोटातून नाही, इथूनच येतोय, म्हणाली. दातांच्या मुळाशी कीटण साचलं होतं, हिरड्या सुजून त्यांत पू झाला होता. मिश्रीने ते आणखी बिघडलं होतं. दोन दात काढावे लागले, बाकीचे तिने साफ केले. मऊ ब्रश हिरडीच्या कडेने कसा फिरवायचा, जीभ मागपर्यंत हलक्या हाताने कशी घासायची, हे आरशात दाखवलं. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा.

ब्रशची सवय लागली, मिश्री मात्र सुटेना. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. एकदा परसात त्या बोटावर मिश्री घेऊन बसलेल्या दिसल्या. मला पाहून त्यांनी चूळ भरली आणि म्हणाल्या, "आज नाय जमला."

रोज सकाळी त्या माझ्याजवळ तोंड आणून विचारायच्या, आता सांग. कधी वास असायचा, कधी नसायचा. मी जे असेल ते सांगायचे. सासू-सुनेत इतकं खरं बोलणं दुसऱ्या कशावरून झालं असतं, असं मला वाटत नाही.

नांगरणीच्या दिवसांपर्यंत हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. मिश्रीही बहुतेक सुटली. मग एक दिवस त्या स्वतःहून मैत्रिणीकडे गेल्या. मैत्रीण ओशाळली. कसं सांगावं ते सुचलं नाही, म्हणाली. सासूबाईंनी तिला दोष दिला नाही. मिश्री तीही लावायची, आणि तिच्याही हिरड्या दुखत होत्या.

पुढच्या खेपेला रोह्याच्या एसटीत आम्ही तिघी होतो.