राहात्याच्या मळ्यात चुळा भरणारी माणसं

जायचं नाही, असं मी आधी साफ सांगितलं होतं. माघ महिना, ज्वारी काढणीला आलेली, आणि माझा धाकटा भाऊ नाना राहात्याहून निरोप धाडतो की अक्का, इथं एका पारशी शेठाच्या द्राक्षमळ्यात जत्रा आहे, नातीला घेऊन ये. मी विचारलं, कोणत्या देवाची? निरोप आणणारा म्हणाला, देव नाही, द्राक्षाच्या दारूची. मुंबई-पुण्याची माणसं येतात, दारूची चव बघतात, मग प्रत्येक दारूसोबत वेगळं जेवतात.

दारूची जत्रा आणि नातीला घेऊन ये! नानाचं डोकं फिरलं असं वाटलं. पण निरोपाचं शेपूट पुढं होतं. त्या मळ्यात मधुकर नावाचा मुलगा दारू करायच्या कामावर आहे. राहुरीला शेतकी शिकलेला, आपल्यातला, घरची जमीन आहे, आई नाही. आमच्या सुमनसाठी नानानं त्याला हेरलं होतं. त्याला काही सांगायचं नाही, गर्दीत नुसतं बघून यायचं, असा बेत.

माझी थोरली लेक दारुड्याच्या घरात पडली होती. चार वर्षांत परत आली. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, ती इथंच घरात आहे आणि तिला वाचता येतं. म्हणून माझा मुलगा किसन, म्हणजे सुमनचा बाप, म्हणाला, "आई, तूच जा. तू हो म्हणलीस तर हो, न्हाई म्हणलीस तर न्हाई. दारूचं माणूस तुला लांबनं कळतं."

मिरजगावहून सकाळची पहिली एसटी धरा, हे जाणाऱ्यांना सांगते. दुसऱ्या गाडीत कोंबड्या आणि पाहुणे मावत नाहीत. नगरच्या स्टँडवर गाडी बदलायची. तिथला चहा घेऊ नका, गरम पाण्याला रंग लावलेला असतो. भाकरी, ठेचा आणि पाण्याचा तांब्या घरून न्यावा. नगर ते राहाता चार रुपयांच्या आसपास पडतात आणि कंडक्टर सुट्ट्यासाठी तोंड वाकडं करतो.

राहुरीला गाडी थांबली तेव्हा पँटी घातलेली शेतकीची पोरं सायकली धरून उभी होती. सुमन खिडकीतून बघत होती.

"काय बघतीस?"

"ऊस बघती."

ऊस मात्र बघण्यासारखा होता. कोल्हारच्या पुलावरून नदी लागते, आणि तिथून पुढं दोन्ही बाजूंना पाटाचं पाणी. आमच्याकडं विहिरीत पोहरा आपटला तर दगडाचा आवाज येतो, आणि इथं रस्त्याच्या कडेला पाणी फुकट वाहतंय. मला राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

नाना राहात्यात पेरूचा व्यापार करतो. त्याच्या घरी तोंड धुतलं, पेरू खाल्ले, आणि ऊन कलल्यावर टांग्यानं मळ्यात गेलो. लांबून नुसते मांडव दिसतात. हजार लग्नं एकदम लागावीत तसे. खाली गेलं की डोक्यावर घड लोंबतात. त्यातल्याच एका मोकळ्या जागेत टेबलं मांडून त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. अंथरायच्या चादरीवर बाटल्या! त्या टेबलांपुढं साहेब लोक, त्यांच्या बाया, दोन पाद्री आणि राहात्याचे चार-पाच बागाईतदार कडक टोप्या घालून उभे होते. ज्याच्याकडं सरकारी परमिट, त्यालाच पेला. आम्हाला द्राक्षाचा रस दिला. तो चांगला होता.

आता पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहिते. मला त्यातलं निम्मं अजून समजलेलं नाही.

पेल्यात दोन बोटंच दारू घालतात. पाहुण्याला इतकं थोडं वाढताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मग तो माणूस पेला उन्हात धरतो, जणू त्यात जंतू शोधतोय. मग नाक घालून हुंगतो. मग तोंडात घेऊन गालात खळाखळा फिरवतो. आणि मग शेजारच्या पितळी पिकदाणीत थुंकतो! थुंकून झाल्यावर म्हणतो, वा.

"नाना, ही वाईट निघाली का?"

"न्हाई अक्का, चांगली हाय म्हणूनच वा म्हणत्यात."

"मग थुंकत्यात कशाला?"

"रीत हाय."

"आपल्या दारात कुनी आमटी थुंकून वा म्हनलं तर तू काय करशील?"

नाना म्हणाला, "हळू बोल, तो बघ मधुकर."

उंच, सावळा, कानामागं पेन्सिल. एकेक बाटली उघडायचा, आधी स्वतः तोंडात घ्यायचा, फिरवायचा, थुंकायचा, मग लोकांना द्यायचा. मी त्याच्या गळ्याकडं नजर लावून बसले. गळ्याची घाटी हलली की गिळली. हलत नव्हती. पण मध्येच पाठ फिरवायचा, तेव्हा काय करत होता देव जाणे.

दिवेलागणीला सगळ्यांना बंगल्याकडं जेवायला बोलावलं. मी गुडघे धरत चालले होते, सुमन पुढं निघून गेली. दाराशी पोचते तर काय! शेठाणी उंबऱ्यात चांदीचं ताट घेऊन उभी. तिनं सुमनला कुंकू लावलं. गळ्यात हार घातला. हातात नारळ दिला. तोंडात खडीसाखर घातली आणि गाल धरून म्हणाली, "आव, डिकरी, सुखी रहे." आणि लगेच शेजारी उभ्या असलेल्या मधुकरला कुंकू, हार, नारळ, खडीसाखर. दोघं उंबऱ्यात हार घालून शेजारी शेजारी उभी. मागं राहात्याचे बागाईतदार कौतुकानं बघतायत.

आमच्यात पोरीला कुंकू लावून नारळ दिला आणि तोंड गोड केलं म्हणजे सोयरीक झाली. त्यावर चर्चा नसते.

ताट माझ्याकडं वळलं. विधवेला कुंकू लावायला निघालेली ती बाई बघून मी मागं सरले, नानाला दंडाला धरलं आणि बंगल्याच्या कोपऱ्यामागं नेलं.

"तू सांगितलंस तिला?"

"आईची शपथ, न्हाई."

"मग तिला कसं कळलं? ती त्याची कोन?"

"त्याला आई न्हाई. शेठानीच त्याचं बघती सगळं. ती आईच्या जागी उभी राहिली आसंल." नाना घाम पुसत होता. "अक्का, झालं की गं! आता काय करायचं?"

"परत कर नारळ."

"परत? टोपीवाल्या चौघांनी बघितलं. उद्या बाजारात होईल, मिरजगावच्या पोरीचं कुंकू मोडलं. मग तिला कोन करनार?"

हे खरं होतं. ठेवावा तर ज्याची घाटी मी नीट पाहिली नाही त्याच्या घरात पोर गेली. परत करावा तर पोरीच्या नावाला डाग. आणि विचारायचं तरी कुणाला? ज्या घरात चांगलं म्हणून थुंकतात, तिथं नारळ परत देण्याचा अर्थ काय होतो ते मला काय माहीत! आम्ही तिथं बराच वेळ एकमेकांवर पुटपुटत राहिलो.

आत गेलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. पहिल्यांदा केळीच्या पानात बांधलेला मासा आला, मुंबईहून बर्फात आणलेला. त्याच्यासोबत पांढरी दारू, आम्हाला रस. मासा चांगला होता, पण भाकरी नाही, भात नाही. खाऊन होतंय तोवर एकानं येऊन ताट उचललं. मला वाटलं जेवण झालं. मी मनात म्हटलं, चिंगूसपणाची कमाल आहे, आणि उठून हात धुऊन आले. येऊन बघते तर डाळीतलं मटण आणि भात, त्यासोबत लाल दारू. पुन्हा बसले. मटण खाल्लं, ताट उचललं, मी पुन्हा हात धुतले. मग दुधाचं काहीतरी थरथरतं गोड आलं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हे लोक ताट एकदम वाढत नाहीत, भागाभागानं वाढतात. शेठ उठेपर्यंत उठू नका.

गोड सगळ्यांपुढं ठेवून मधुकर मोकळा झाला, तेव्हा मी त्याला व्हरांड्यात बोलावलं. झालं ते झालं, आता जावई समजूनच बोलायचं असं मी ठरवलं होतं.

"आई कधी गेली?"

तो दचकला. "मी सातवीत असताना."

"सैपाक कोन करतं?"

"चुलती. इथं मीच करतो."

"काय येतं करायला?"

"पिठलं. भात करपतो."

"दारू पितोस?"

तो हसला नाही, हे मला आवडलं. "तोंडात रोज घेतो, आजी. गिळत नाही."

"का?"

"गिळली तर दुपारपर्यंत जीभ मरते. मग कुठलं पिंप बिघडलं ते कळत नाही. दोन पिंपं बिघडली तर माझी नोकरी गेली."

"आन् घरी गेल्यावर?"

"घरी वडलांसमोर तोंडातसुद्धा घेत नाही."

"हा कर."

"काय?"

"तोंड उघड आन् हा कर."

बिचाऱ्यानं केला. मी हुंगलं. वास होता, असणारच, दिवसभर तोंडात तेच. पण माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्या जावयाचा वास पोटातून यायचा, कुजका. हा वरवरचा होता, आंबट द्राक्षाचा. आता एवढ्यावर पोर द्यायची का? माणूस प्यायलाय आणि माणसाला वास येतोय, या दोन गोष्टी वेगळ्या असतात असं साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं, "नारळाचं कसं करायचं? तुझ्या वडलांना कोन कळवनार? शेठानी का आमी?"

"कसला नारळ?"

"आरं, सुमनला दिला तो! तुमच्या दोघांना हार घातले तो!"

तो बघतच राहिला. "आजी, तो पारशांचा पाहुणचार आहे. आलेल्या प्रत्येकाला देतात. आत बघा."

मी खिडकीतून पाहिलं. जेवताना माझं सगळं लक्ष ताटावर आणि मधुकरच्या घाटीवर होतं, हे आता दिसलं. सगळे हार घालून बसलेले. दोन्ही पाद्र्यांच्या कपाळाला कुंकू. सगळ्यांच्या टोपल्या-पिशव्यांतून नारळ डोकावतायत. मोटारीपाशी ड्रायव्हर हार घालून खडीसाखर चघळत उभा. टोपीवाले कौतुकानं बघत होते ते स्वतःची पाळी कधी येते म्हणून.

मी खाली बसले. मधुकरला आता कुठं कळलं की ही म्हातारी इथं कशाला आली. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही मला..." एवढंच म्हणाला आणि आत पळाला. आत जाताना मात्र त्यानं सुमन कुठं बसलीय ते बघितलं, ते मी पाहिलं.

रात्री नानाकडं मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीनं निघालो. परतीला उजव्या बाजूला बसा, डावीकडं ऊन येतं. गाडीत मी सुमनला काही विचारलं नाही, कारण मलाच काही कळत नव्हतं. नारळ खोटा निघाला म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. दोन तासांसाठी तो मुलगा आमचा झाला होता, आणि त्या दोन तासांत त्यानं सगळी उत्तरं सरळ दिली होती. समोर परीक्षा आहे हे माहीत नसताना. बघायला येणार म्हणून सांगितलं असतं तर तो भात करपतो असं म्हणाला असता का?

घरी आल्यावर किसननं विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, दम काढ. थोरली लेक चुलीपाशी होती. तिनं नुसतं विचारलं, "पितो?" मी म्हटलं, "तोंडात घेतो, गिळत न्हाई." ती म्हणाली, "असं असतं का?" मी म्हटलं, "मी हुंगलं." ती भाकरी थापायची थांबली.

दोन दिवस मी ज्वारीच्या रानात आणि डोक्यात तेच. तिसऱ्या दिवशी सुमनला समोर बसवलं.

"तुझं काय म्हननं हाय?"

"माझं कसलं?"

"दारूवाल्याचं घर. कपडे धुताना, जेवताना, सगळीकडं तो वास येनार. चालंल का?"

"वाईट न्हाई, आजी. आधी तुरट लागती. मग मागनं जिभेवर चांगलं वाटतं."

मी सरळ बसले. "काय तुरट लागती?"

तिनं खाली बघितलं. "लाल. तू आन् नानाआजोबा बंगल्यामागं भांडत हुतात ना, तवा शेठानीनं त्यांच्या पेल्यातली दिली. चव बघ म्हनल्या."

"आन् थुंकलीस?"

"न्हाई," सुमन म्हणाली. "मला रीत माहीत नव्हती."

मळ्यातल्या एवढ्या गर्दीत मी ज्याच्यावर नजर ठेवून होते तो थुंकत होता, आणि जिच्यासाठी नजर ठेवली ती गिळून माझ्या शेजारी येऊन गोड खात बसली. दारूचं माणूस मला लांबून कळतं म्हणे!

संध्याकाळी किसनला म्हटलं, त्याच्या वडलांना बोलावणं धाड. मुलगा मी पाहिलाय, तो बरा आहे. त्यांना म्हणावं, आता तुम्ही येऊन पोरगी नीट बघून घ्या.